धाकट्या जावेचा आवाज बसलाय, कारण मला माहीत आहे

थोरली_जाऊ:
आम्ही विडी घरकुलात राहतो, दोघी जावा घरीच विड्या वळतो. धाकटीचा आवाज बसलाय. गिळताना दुखतं म्हणते, डोकं सारखं धरून बसते. गल्लीतल्या डॉक्टरांनी तंबाखूच्या धुळीनं होतं म्हणून गोळ्या दिल्या. नवरा शेजारी उभा, ती काय बोलणार? खरं म्हणजे दिरानं तिचा गळा दाबला होता. मी मध्ये पडले म्हणून सोडला. मानेवर वळ नाही, म्हणून सासूच्या लेखी काही झालंच नाही. मागं मनगट पिरगळलं होतं. विड्या कमी झाल्या, मजुरी कमी आली, त्यावरून परत मार.
मिस्टर म्हणतात, नवरा-बायकोत पडू नको. हे दुखणं त्यानंच असेल का? आणि मी कुठं सांगितलं तर माझ्यावर उलटेल का? मलाही याच घरात राहायचंय.

नाइट_ड्यूटी:
ताई, मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. आजच सिव्हिलला न्या, बाकी सगळं नंतर. गळा दाबल्यावर खूपदा बाहेर काही दिसत नाही, पण आत सूज असते. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली, तर काही दिवसांनीही गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. श्वास अडला, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय जड पडला तर थांबू नका, १०८ लावा. डॉक्टरांना "घसा बसलाय" नाही, "गळा दाबला होता" असंच सांगा. तपासणी त्यावरून ठरते. दिवस गेलेत का, तेही एकटीला विचारा.
"रागात झालं" म्हणून सोडू नका. गळा दाबणाऱ्याच्या हातून पुढं जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो.
आमच्याकडं "नवऱ्यानं मारलं" म्हणून फार कमी बायका येतात. डोकेदुखी, झोप नाही, धडधड, ओटीपोटात कळा, असंच सांगत येतात. रक्त तपासलं की सगळं नॉर्मल. अशा मारानं नैराश्य येतं, गर्भ पडतो, मूल कमी वजनाचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत जगातल्या साधारण ३ पैकी १ बाईनं आयुष्यात कधीतरी जोडीदाराचा मार किंवा कुणाचा तरी लैंगिक अत्याचार सोसलाय. तरी केस पेपरवर आपलं "अशक्तपणा".

पूर्व_भाग:
आधी त्याची दारू सोडवा. दोन्हीकडची चार माणसं बसवा, मिटेल.

नाइट_ड्यूटी:
दारूनं मार वाढतो, मान्य. पण पिऊन तो कारखान्याच्या मुकादमावर हात टाकतो का हो? आणि बैठकीत ती खरं बोलली की रात्री तिलाच भोगावं लागतं. बैठक नकोच.

कोर्टाची_पायरी:
उलटेल का, एवढ्यापुरतं सांगतो. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम ४ बघा. संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. घर सासूच्या नावावर असलं तरी कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, ते कलम १७. मारू नको असा आदेश मॅजिस्ट्रेट कलम १८ खाली देतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. महिला हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं तर ११२.
पण तक्रार करायची की नाही, घर सोडायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. घर सोडताना धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून घाई करायला लावू नका. आधार, पासबुक, विडी कामगार कार्ड मात्र आत्ताच विश्वासू शेजारणीकडं ठेवा.

थोरली_जाऊ:
विड्या द्यायला जायच्या निमित्तानं आत्ताच घेऊन निघते तिला. मिस्टरांना नंतर सांगेन, बोलले तर बोलू देत.

नाइट_ड्यूटी:
केस पेपरवर मोबाइल नंबर तुमचा द्या. दिराच्या फोनवर मेसेज जायला नको. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, करतो म्हणाले तर घाबरू नका, जखम सरकारी कागदावर राहते. पोलिसांना काय सांगायचं ते तिचं ती बघेल.