हप्त्याहप्त्याने शिसं विकत घेणाऱ्यांनो, जरा ऐका

वैतागलेली:
नवऱ्याने अंकासोबत येणाऱ्या धातूच्या सैनिकांची मालिका लावली आहे. काल खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं वाचलं: यात शिसं आहे, हे खेळणं नाही, 14 वर्षांखालील मुलांना देऊ नये. मग लाल डगला नि सोनेरी बटणं कोणासाठी रंगवलीत? पहिला अंक जवळपास फुकट, नंतर दर पंधरवड्याला खिशाला कात्री. विष हप्त्याने, लूटही हप्त्याने. बंद व्हायला हवं हे सगळं. गोळा करणाऱ्यांना घरातल्या मुलांची पर्वा नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडेस्वार:
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लांबण लावतोय.

ताई, घट्ट धातूतलं शिसं हात लावला म्हणून कातडीतून आत जात नाही. ते जातं तोंडावाटे, नाहीतर धूळ नि धुराच्या रूपाने श्वासावाटे. या मूर्तींवर रंगाचा थर असतो, वर वार्निश. काचेआड उभा असलेला सैनिक कोणाला विषबाधा करत नाही. घासू नका, कानशीने तासू नका, हाताळल्यावर हात धुवा, संपलं.

दुसरं, सगळ्या मूर्ती शिशाच्या नसतातच. कित्येक मालिका जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, काही कथलाच्या. शिशाची घनता 11.3, जस्त-कथलाची सातच्या आसपास, त्यामुळे हातात घेतल्यावरच फरक कळतो. तळाचा रंग उडाला असेल तर कागदावर ओढून बघा, शिसं करडी रेघ सोडतं. (रेघ आली तर हात धुवा. सांगितलेलं बरं, नाहीतर इथे उद्या वेगळा धागा निघेल.)

माझ्या घरात मूर्तीही आहेत आणि मुलंही. कपाटाला कुलूप आहे. 'पर्वा नसते' हे कुठून काढलंत?

नीरजा:
कुलूप आहे म्हणे! किल्ली कुठे असते ते मुलांना तुमच्याआधी माहीत असतं.

2006 साली अमेरिकेत, मिनेसोटात, चार वर्षांचा मुलगा दगावला. बुटांच्या जोडीवर फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचं पदक त्याने गिळलं होतं. पदक जवळजवळ शुद्ध शिशाचं. पोटातल्या आम्लात ते विरघळत राहिलं. तेही 'घट्ट धातू'च होतं. आता आठवा, या सैनिकांच्या तलवारी नि संगिनी किती सहज तुटतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणून माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंवर मर्यादा आहे दहा लाखात 100 भाग. 'प्रौढांसाठी संग्राह्य वस्तू' असा शिक्का मारला की ती मर्यादा लागूच होत नाही. पळवाट म्हणतात याला, छंद नाही.

हिशेबनीस:
विषाचं तुम्ही बघा, मी पैशाचं बोलतो. पहिल्या अंकाची किंमत 1 धरा. दुसरा 2, तिसऱ्यापासून 4. मालिका 80 अंकांची. 1 + 2 + (78 × 4) = 315. जाहिरातीत दिसतो तो फक्त 1. पंधरवड्याला एक म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ आपोआप पैसे कापले जाणार. मालिका चालली तर वाढवणार. नाही चालली तर? माझी एक मालिका निम्म्यावर बंद झाली. कंपनीचं उत्तर आलं, 'अपेक्षित प्रतिसाद नाही'. अर्धी पलटण घेऊन मी काय कोणावर चाल करू?

आणि बड्या कंपन्याही बुडतात. अशाच मालिका काढणारी ईगलमॉस 2022 मध्ये कोसळली तेव्हा कितीतरी लोकांची जहाजं नि गाड्या अर्धवट बांधलेल्या राहिल्या.

घोडेस्वार:
बरं बाबा, पैशाचं मान्य. महाग आहे. छंद स्वस्त असतो असं मी म्हटल्याचं दाखवा. हाताने रंगवलेली एक मूर्ती सुटी विकत घ्यायला जा, मग तुमचे 4 स्वस्त वाटतील. नीरजाताई, तुमचा मुद्दा लहान मुलाच्या घरापुरता बरोबर आहे. बास, एवढंच देतो.

कपाटवाला:
थोडं अवांतर. माझ्या जुन्या घोडदळाच्या पायांशी पांढरी भुकटी जमलीय, बुरशीसारखी. घोड्यांच्या पायांवरचा रंग फुगून पापुद्रे निघताहेत. कपाट ओकचं आहे, चांगलं भक्कम. कोणाला अनुभव?

चकचकीत:
सोप्पं आहे. व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. लख्ख होतात. पितळेला मी तेच करते.

घोडेस्वार:
नका! नका! नका! कपाटवाले, व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल, आणि तुमच्या ओकच्या लाकडातून हळूहळू सुटतंय तेही तेच. त्या वाफेने शिशाचं कार्बोनेट होतं, ती तुमची भुकटी. शिसं सडणं म्हणतात ते हेच. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या तितक्याच वाईट. वस्तुसंग्रहालयवाले शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत ते उगाच नाही. आणि कोरड्या ब्रशने घासून ती भुकटी घरभर उडवणार?

चकचकीत:
ओरडायला काय झालं? मी पितळ म्हटलं होतं. इथे लोकांना मदत करायला यायचं की बोलणी खायला?

घोडेस्वार:
धाग्याचं नाव वाचून सल्ला द्यावा, एवढीच अपेक्षा.

नीरजा:
थांबा थांबा. म्हणजे 'घट्ट धातू, रंगाचा थर, वर वार्निश' हे सगळं गळून शेवटी शिशाची भुकटीच होते? तीही काचेआड, तुमच्या त्या सुरक्षित कपाटात? धन्यवाद घोडेस्वार, माझं काम तुम्हीच केलंत.

घोडेस्वार:
चुकीच्या कपाटात ठेवलं तर. वाक्य पूर्ण वाचा.

हिशेबनीस:
खोक्यावर कपाटाबद्दल काही छापलेलं असतं का? माझ्या तरी नव्हतं. अंकात नेपोलियनच्या गुंड्यांवर चार पानं, मूर्ती कशात ठेवायची यावर एक ओळ नाही.

कपाटवाला:
भांडण नंतर. आता करू काय?

घोडेस्वार:
हातमोजे घाला. फुंकर मारू नका, घरचा व्हॅक्युम लावू नका, धूळ मागून बाहेर फेकतो. फळ्या ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मूर्ती त्या कपाटातून आजच बाहेर काढा. ज्यांची भुकटी थांबत नाही त्या झाकणाच्या डब्यात बंद करून वेगळ्या ठेवा. वरून नुसता रंग मारून झाकू नका, आतून चालूच राहतं. पोरं घरात असतील तर त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. हे मी नीरजाताईंना खूश करायला म्हणत नाही.

वैतागलेली:
आमचं कपाट एमडीएफचं आहे. आत्ता बॅटरी मारून बघितलं, दोन ढोलवाल्यांच्या बुटांशी पांढरं आहे. नवऱ्याला धागा वाचायला दिला. मालिका बंद करायचं नाव नाही, नवीन कपाट घेऊ म्हणतोय. हिशेबनीस, तुमच्या 315 मध्ये कपाट धरलं होतं का?

हिशेबनीस:
नाही. अंक लावायचे बाइंडरही नाही धरले, ते वेगळे विकतात.

कपाटवाला:
ताई, काच आणि लोखंडाचं घ्या, पावडर कोटिंगवालं. आतल्या मांडण्या लाकडाच्या देतात काहीजण, त्या आधी विचारून घ्या. घोडेस्वार, लाकडाला आतून वार्निश मारलं तर वाफ थांबते का?

घोडेस्वार:
कमी होते, थांबत नाही. ओक विका.

कपाटवाला:
आजोबांचं आहे हो ते.

नीरजा:
मग मूर्ती विका.