दंडाजवळ मज्जातंतूला इजा झाली आहे. कमी शक्तीच्या लेझरचा उपचार घ्यावा का?

प्रश्न : सोयाबीनवाला, उदगीर

माझा धाकटा भाऊ ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरून पडला आणि त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. लातूरला शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली व हाड आता जुळत आले आहे. परंतु अपघातापासून त्याला मनगट वर उचलता येत नाही, बोटे सरळ करता येत नाहीत आणि अंगठ्याच्या मागची त्वचा बधिर आहे. रेडियल मज्जातंतूला मार लागला असून वाट पाहावी, असे डॉक्टरांनी सांगितले. आता तीन महिने होत आले. जवळच्या एका केंद्राने लेझरने मज्जातंतू पुन्हा वाढवून देतो असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागितली आहे आणि वडील घरात ठेवलेले सोयाबीन विकून ती भरण्याच्या तयारीत आहेत. या उपचारामागे खरोखर शास्त्र आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, नांदेड

शास्त्र आहे, पण ते आपल्या भावापर्यंत कितपत पोहोचते, हा प्रश्न वेगळा आहे. बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास उंदरांवर लेझर वापरताना केस लवकर उगवत असल्याचे दिसले, तेथून या उपचाराची सुरुवात झाली. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश ५०० मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीने दिला जातो, त्यामुळे त्वचा तापत नाही. पेशींतील मायटोकाँड्रियामधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तो प्रकाश शोषून घेते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असे याचे प्रमुख स्पष्टीकरण आहे. प्रमाण फार कमी असेल तर परिणाम होत नाही आणि फार जास्त झाले तर तो उलटही होऊ शकतो.

उंदरांच्या पायातील सायटिक मज्जातंतूवर या प्रकाशाचे अनेक प्रयोग झाले असून त्यांतील बऱ्याच प्रयोगांत तंतूंची वाढ सुधारलेली दिसली. मात्र उंदराचा मज्जातंतू त्वचेपासून जवळ असतो आणि त्याला वाढायचे अंतर थोडेच असते. माणसाच्या दंडात रेडियल मज्जातंतू स्नायूंखाली हाडाला वळसा घालून जातो व वरून टाकलेल्या प्रकाशाचा फार थोडा अंश तेथवर पोहोचतो. माणसांवरील ज्या चाचणीचा दाखला वारंवार दिला जातो, ती इस्रायलमधील रॉखकिंड व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत अवघे १८ रुग्ण होते, सर्वांची इजा अपूर्ण स्वरूपाची, म्हणजे मज्जातंतू पूर्ण निकामी न झालेली, व किमान सहा महिने जुनी होती. ज्यांना ७८० नॅनोमीटरचा खरा लेझर मिळाला त्यांची स्नायुशक्ती खोटा लेझर मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारली. परंतु तो लेझर सलग २१ दिवस, रोज पाच तास दिला होता, त्यांपैकी तीन तास इजेच्या जागी आणि दोन तास मणक्याच्या संबंधित भागावर. केंद्रात दहा मिनिटे दिवा धरून त्याच चाचणीचा हवाला देणे मला अयोग्य वाटते. मनगटातील मज्जातंतू दाबला जाण्याच्या विकारावर, म्हणजे कार्पल टनेलवर, २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) लेझरचा उपयोग सिद्ध करण्याइतका पुरावा आढळला नाही.

मज्जातंतू बाहेरून अखंड असेल, तर त्याच्या आतला तुटलेला सूक्ष्म तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. दंडाच्या मध्यापासून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत पोहोचायलाच तीन-चार महिने लागतात, म्हणून इतके दिवस हालचाल दिसली नाही तरी तेवढ्यावरून आशा सोडू नये. दंडाच्या अस्थिभंगासोबत झालेली रेडियलची इजा बहुतेक रुग्णांत आपोआप भरून येते. त्या काळात कोणी लेझर दिला असेल, तर श्रेय मात्र लेझरच्या नावावर जाते.

उत्तर : अंबाजोगाईची वाचक

माझ्या यजमानांनाही कोपराच्या इजेनंतर लेझर दिला होता. हात सुधारला, परंतु तो लेझरमुळे सुधारला की काळामुळे, हे आम्हाला सांगता येणार नाही. आमच्या अनुभवात सर्वांत मोलाची ठरली ती मनगट व बोटांना आधार देणारी स्प्लिंट आणि घरी नियमाने करून घेतलेला व्यायाम, कारण सांधे आखडले असते तर मज्जातंतू परत येऊनही हात कामाला आला नसता. आपण भावाला स्प्लिंट दिली आहे का?

सोयाबीनवाला, उदगीर

ताई, स्प्लिंट दिलेली आहे, पण शेतात जाताना तो ती काढून ठेवतो. नांदेडच्या सरांना विचारतो, आता नेमके काय करावे?

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, नांदेड

प्रथम रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्या. प्लेट बसवताना शल्यचिकित्सकाला रेडियल मज्जातंतू दिसला असल्यास तो अखंड होता की तुटलेला, हे तेथे लिहिलेले असण्याची शक्यता आहे, आणि त्या एका ओळीवर पुढचे बरेच काही ठरते. अखंड असेल तर वाट पाहणे योग्यच आहे. तुटलेला असेल, तर कोणताही प्रकाश त्याची टोके जोडू शकत नाही. तेथे शस्त्रक्रियाच लागते आणि ती वेळेत व्हावी लागते, कारण संदेश न मिळालेला स्नायू साधारण बारा ते अठरा महिन्यांत कायमचा निकामी होत जातो. माझी खरी काळजी हीच आहे की, लेझरच्या भरवशावर हे महिने हातातून जातील.

त्यानंतर एन.सी.व्ही. (मज्जातंतूतून संदेश कसा जातो ते पाहणारी) व ई.एम.जी. (स्नायूत सुई घालून त्यातील विद्युत संदेश पाहणारी) तपासणी करून घ्या. सहा आठवड्यांच्या आसपास एक झाली असेल तर आता दुसरी करून तुलना करावी. सुईच्या तपासणीत स्नायूत पुन्हा संदेश येऊ लागल्याची खूण डोळ्यांना हालचाल दिसण्यापूर्वीच मिळते. खूण नसेल, तर हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जाण्यास उशीर करू नका.

एवढे झाल्यावर पैसे परवडत असतील आणि लेझर घ्यायचाच असेल, तर आगाऊ पॅकेज न घेता एकेका बैठकीचे पैसे द्या आणि यंत्राची तरंगलांबी व शक्ती लिहून मागा. काही केंद्रांत जास्त शक्तीची, त्वचा तापवणारी यंत्रे असतात. भावाची त्वचा बधिर असल्यामुळे भाजले तरी त्याला कळणार नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा दोघांनीही लावायला हवा, रुग्णाने आणि यंत्र चालवणाऱ्यानेही.