प्रतिसाद: ओटीटीवर असताना संच कशाला?

सगळं ओटीटीवर असताना डीव्हीडीचे संच कशाला, असं वर विचारलंय. माझं उत्तर 'द वायर' ही अमेरिकन मालिका. २००२ ते २००८, पाच सीझन, ६० भाग, चित्राची मूळ चौकट (रुंदी:उंची) ४:३. २०१४ मध्ये एचडी करताना ती १६:९ झाली. आधी बारकाईने आखलेली ती चौकट पाहायची तर जुन्या डीव्हीडीच हव्यात, आणि मला ती फार मोलाची वाटते.

इंग्लंडहून मागवणार असाल तर डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा रीजन क्रमांक तिकडचा २, आपला ५; मल्टी-रीजन प्लेअर लागेल.

पंचवटीत नदीजवळ राहतो, पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते (डिस्कपेक्षा खोक्याचंच जास्त वाईट वाटतं). म्हणून लोखंडी कपाट, डिस्क उभ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नाशिकात कुणाला चौथा सीझन पाहायचा असेल तर सांगा, कॉलेज रोडला आणून देईन.