परवानग्यांचा नाही, अनाथ नोंदींचा प्रश्न

ओडू या व्यवसाय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेकॉर्ड अस्तित्वात नाही किंवा डिलीट झालं आहे' असा एरर येतो, काय करावं, असं इथे विचारलंय, आणि वर सगळ्यांनी युजरला ॲडमिनचे हक्क द्यायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. हक्क नसले तर ॲक्सेस एरर येतो, तो वेगळा. हा मिसिंग एरर आहे, म्हणजे मागितलेलं रेकॉर्डच सापडत नाही.

आधी मेसेजमधला कंस नीट वाचा. त्यात मॉडेलचं नाव (म्हणजे रेकॉर्ड कोणत्या प्रकारचं आहे ते), रेकॉर्डचा आयडी आणि युजरचा आयडी असतो. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पेज रिफ्रेश करून एरर गेला, तर टॅब जुना होता, विषय संपला. नाही गेला तर विचारा, कुणी थेट डेटाबेसमध्ये डिलीट क्वेरी चालवली का? आमच्या एका क्लायंटकडे जुन्या लीड्स (संभाव्य ग्राहकांच्या नोंदी) अशाच उडवल्या होत्या. लीड्स गेल्या, पण त्यांच्या ॲक्टिव्हिटी (फॉलोअपची नेमलेली कामं) राहिल्या, आणि सेल्सची मुलं फॉलोअपवर क्लिक करून वैतागली. ॲक्टिव्हिटीच्या टेबलात मूळ रेकॉर्डचा आयडी नुसता आकडा म्हणून असतो, फॉरेन की (दोन टेबलांमधली डेटाबेसने सांभाळलेली जोडणी) नसते, त्यामुळे डेटाबेस अडवत नाही. ओडूतूनच डिलीट केलं असतं तर त्या सोबत साफ झाल्या असत्या. अटॅचमेंटचंही तेच.

बॅकअप घ्या, डेटाबेसच्या कॉपीवर अशा अनाथ, म्हणजे मूळ रेकॉर्ड गेलेल्या, नोंदी शोधून काढा, मग लाइव्हला हात लावा. गेलेला आयडी हाताने परत घालायचा मोह मात्र टाळा. त्याला जोडलेलं बाकीचं काही परत येत नाही. आणि पुढच्या वेळी आर्काइव्ह करा. रेकॉर्ड यादीतून दिसेनासं होतं, पण जागेवर राहतं.

कंसातलं मॉडेल कोणतं आहे ते इथे टाका, पुढचं बघू.