चोरीला गेलेला फोन सापडला असा मेसेज आलाय, लिंक उघडू का?

मुक्ता_लिहिते
ताईचा आयफोन गर्दीत चोरीला गेला. लगेच लॅपटॉपवरून तिच्या अकाउंटला जाऊन लॉस्ट मोड (हरवलेला फोन दुरून लॉक करायची सोय) लावला, स्क्रीनवर माझा नंबर दिसेल असं केलं, सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन घेतलं. त्यानंतर बरेच दिवस फोन ऑफलाइनच. आणि आज अचानक माझ्या नंबरवर मेसेज की तुमचा आयफोन सुरू झालाय, लोकेशन बघायला इथे क्लिक करा. मॉडेल बरोबर, रंग बरोबर, स्टोरेजसुद्धा बरोबर! ताई म्हणतेय एवढं कंपनीशिवाय कोणाला माहीत असणार, उघड पटकन नाहीतर परत बंद होईल. मी थांबवलंय तिला, पण मलाही सारखं वाटतंय की खरंच सापडला असेल तर? बाळाचे फोटो आहेत हो त्यात, बॅकअप अर्धवटच झालेला. कोणाला माहिती असेल तर प्लीज लवकर सांगा.

अनिकेत_मोबाइलवाला
उघडू नका! मी फोन दुरुस्तीचं काम करतो, असे मेसेज घेऊन लोक नेहमी येतात. मॉडेल आणि रंग चोराला कळणारच, फोन त्याच्या हातात आहे. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळाला की त्यावरून स्टोरेजही कळतं. आणि तुमचा नंबर तर तुम्हीच स्क्रीनवर ठेवलाय, अर्थात तो ठेवायलाच लागतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता हे का करतात ते सांगतो. २०१३ पासून आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक आहे, फोन पूर्ण पुसला तरी मालकाच्या अकाउंटचा पासवर्ड टाकल्याशिवाय तो परत चालू करता येत नाही. म्हणजे चोराकडे सध्या फक्त स्क्रीन, कॅमेरा असे सुटे पार्ट आहेत. लॉक निघालं तर अख्खा फोन चांगल्या किमतीला विकता येतो, म्हणून तो पासवर्ड तुमच्याकडूनच काढून घ्यायचा प्रयत्न चाललाय. मेसेज आला याचा अर्थ लॉक शाबूत आहे आणि तो अडकलाय.

लोकेशन बघायचंच असेल तर मेसेजमधून जाऊ नका, ब्राउझरमध्ये आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन सेवेचा, पत्ता स्वतः टाइप करा किंवा घरातल्या दुसऱ्या आयफोनवरचं फाइंड माय हे फोन शोधायचं ॲप वापरा. तिथे ऑफलाइन दिसत असेल तर मेसेज खोटा, बाकी काही तपासत बसू नका.

रात्रपाळी
अनिकेतदादांना अनुमोदन. हे कोणी एकटा चोर बसून करत नाही, यामागे धंदा उभा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपोल या युरोपातल्या पोलीस संस्थेने स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या पोलिसांबरोबर असंच एक नेटवर्क पकडलं होतं, १७ जणांना अटक झाली आणि जगभरात ४,८३,००० लोक त्याला बळी पडले होते, म्हणजे आधीच फोन गेलेले लोक! फिशिंगची, म्हणजे पासवर्ड काढून घ्यायची खोटी पानं बनवून देणारा वेगळा आणि चोरांकडून पैसे घेऊन ती वापरून लॉक काढून देणारे अनलॉकर वेगळे. त्यामुळे पान हुबेहूब खरं दिसतं, पत्त्यात फक्त एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप) वापरत असाल तर तो अशा पानावर आपोआप पासवर्ड भरत नाही, माझा तरी त्या खुणेवर जास्त भरवसा आहे, डोळे फसतात.

मुक्ता_लिहिते
अहो गडबड झाली. मी इथे लिहीत होते तोपर्यंत ताईने माझ्या फोनवरून लिंक उघडून पासवर्ड टाकलासुद्धा. आता ते पान सहा आकडी कोड मागतंय. काय करू??

अनिकेत_मोबाइलवाला
कोड अजिबात देऊ नका. ते पान बंद करा आणि आत्ताच्या आत्ता खऱ्या साइटवर जाऊन पासवर्ड बदला. हाच पासवर्ड ईमेलला किंवा अजून कुठे वापरला असेल तर तिथलाही. नंतर अकाउंटमध्ये डिव्हाइसची यादी बघा, अनोळखी काही असेल तर काढा, पण ताईचा चोरीचा फोन त्या यादीतून काढू नका, तो काढला की लॉक गेलं. आणि लक्षात ठेवा, ॲपलच्या खऱ्या फाइंड पेजवर लोकेशन बघायला तो सहा आकडी कोड लागतच नाही, कारण तो जिथे यायचा तो फोनच हरवलेला असू शकतो.

मुक्ता_लिहिते
बदलला. ईमेलचाही बदलला. यादीत अनोळखी काही नाही, ताईचा फोन ऑफलाइनच दाखवतोय. ती रडतेय, म्हणतेय माझ्यामुळे झालं. खूप खूप आभार तुमचे.

शब्दवेडी
ताईंना सांगा यात त्यांचा दोष नाही, फोन गेल्यावर माणूस आशेवर असतो आणि हे लोक नेमकं तेच धरतात. माझ्या मावसभावाला लिंकनंतर धमक्या आल्या होत्या, फोटो आणि बँकेची माहिती विकू, नाहीतर फोन अकाउंटमधून काढून टाक. त्याने उत्तरच दिलं नाही. पासकोड, म्हणजे स्क्रीन उघडायचा आकडा, माहीत नसेल तर आतला डेटा एन्क्रिप्टेड असतो, साध्या चोराला तो वाचता येत नाही. कस्टमर केअरमधून बोलतोय असा फोनही येऊ शकतो, तोही कट करा.

ओंकार_वाचक
ॲंड्रॉइडला पण असं लॉक असतं का? आणि चोराने आधीच पासकोड बघून ठेवला असेल तर?

रात्रपाळी
असतं, गूगल अकाउंटचं. फॅक्टरी रिसेट केला तरी जुनं अकाउंट किंवा स्क्रीन लॉक मागतो, त्यामुळे तिकडेही अशाच लिंक येतात. पासकोड बघितलेला असेल तर मात्र प्रकरण गंभीर, चोर थेट अकाउंटचा पासवर्डच बदलू शकतो. त्यासाठी आयओएस १७.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आलंय. ते चालू असेल तर ओळखीच्या जागेबाहेर पासवर्ड बदलायला फेस आयडी किंवा टच आयडी लागतो आणि वर एक तास थांबावं लागतं. सेटिंगमध्ये जाऊन आजच बघून घ्या चालू आहे का.

मुक्ता_लिहिते
एक शेवटचं, फोन रिमोटने इरेज करू का? फोटोंचं काय?

अनिकेत_मोबाइलवाला
इरेज केलं तरी लॉक राहतं, तेवढी भीती नको. पण फोन ऑनलाइन आला की जे बॅकअपला गेलं नाही ते कायमचं पुसलं जाईल. पासकोड कोणी बघितला नाही अशी ताईंना खात्री असेल तर मी म्हणेन लॉस्ट मोडवरच राहू द्या. आयक्लाउड फोटोज चालू होतं का ते बघा, अर्धवट म्हणताय तरी बरेच फोटो वर गेलेले असू शकतात.