मदत हवी आहे: रात्री भिजवलेले ओट्स पहाटे आंबतायत, काय चुकतंय?

पहिलीशिफ्ट (शुक्रवार, सायंकाळी ७:४०)
तीन दिवस झाले, रोज तेच. रात्री डब्यात ओट्स, दूध आणि गुळाचा खडा घालून ठेवते. पहाटे झाकण उघडलं की आंबट वास, वर फेस, दूध फाटून पाणी वेगळं. काल तर बारीक बुडबुडे येत होते. आज तसंच खाल्लं, कारण दुसरं काही नव्हतं. दहाच्या सुमारास पोटात असा मुरडा आला की लाईनवरून दोनदा उठून जावं लागलं. सुपरवायझरला काय सांगणार?
व्हिडिओत सगळे असंच करतात, रात्री भिजवायचं आणि सकाळी खायचं. मला कळंना गेलंय. गूळ जास्त होतोय का? का पुडाच खराब निघाला? आज रात्री परत भिजवायचेत, लवकर सांगा.

गोदाकाठ (७:५५)
ताई, आधी कोणते ओट्स ते सांगा. बाजारात तीन तऱ्हेचे मिळतात. अख्ख्या दाण्याचे तुकडे असतात ते रात्रभर भिजवूनही दाताखाली कचकच लागतात. एकदम बारीक, झटपटवाले असतात त्यांचा सकाळी चिखल होतो. या कामाला मधले चपटे, म्हणजे रोल्ड. ते कारखान्यात वाफवून मग रुळाखाली दाबलेले असतात, म्हणून न शिजवता खाता येतात. आणि दूध किती घालता? अर्ध्या वाटीला पाऊण ते एक वाटी पुरतं.

दगडीज्वारी (८:०२)
मी जालन्याचा. राग मानू नका, पण आपल्या रानात ज्वारी असताना परदेशी धान्याचा पुडा कशाला? परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली ‘परभणी शक्ती’ नावाचा ज्वारीचा वाण दिला, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवा, सकाळी ताक घालून खा. आमची आजी ऐंशी वर्षं ज्वारीवर जगली.

लातूरची_सून (८:१०)
गोड ओट्स मलाही जात नाहीत. मी मोहरी, जिरं, कढीपत्त्याची फोडणी करते, कांदा-टमाटा परतते, वरून काळा मसाला अर्धा चमचा. ओट्स टाकून दोन वाफा द्यायच्या. शेंगदाणे विसरू नका. घरात सगळे आवडीनं खातात.

पहिलीशिफ्ट (८:२५)
ताई, फोडणी देता आली असती तर हा खटाटोपच केला नसता. वाळूजला कॉट बेसिसवर राहते, रूमवर गॅस चालत नाही. कंपनीची बस पहाटे सहाला नाक्यावर येते आणि कॅन्टीनचा नाष्टा साडेनऊला. तोवर उपाशी राहिलं की चक्कर येते.
ओट्स साधे चपटेच आहेत. दादा, कण्या न शिजवता कशा खाणार?

गोदाकाठ (८:३१)
मग ओट्स बरोबर आहेत. फ्रिज किती थंडीवर आहे? दारातल्या कप्प्यात ठेवत असाल तर तिथं गारवा कमी असतो. आत, मागच्या बाजूला ठेवून बघा.

पहिलीशिफ्ट (८:४०)
फ्रिज नाही. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत माठाशेजारी ठेवते. रात्री जरा वारा असतो.

गोदाकाठ (८:४२)
अहो, हे आधी सांगायला पाहिजे होतं! एप्रिल चालू आहे. दुपारी चाळिशी पार होते आणि रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. गूळ नाही आणि पुडाही नाही, तुमचं दूधच नासतंय.

दगडीज्वारी (८:५०)
आंबलं म्हणजे नासलं असं नसतं. आपण आंबील करतो तेव्हा पीठ रात्रभर आंबवतोच की. आंबट वासाला घाबरायचं काय कारण?

परभणीची_लेक (९:०५)
मी परभणीला होम सायन्स शिकले, म्हणून राहवत नाही. दादा, आंबील आंबवून झाल्यावर चुलीवर चढवतो आपण. चांगली रटरट उकळी येते तिला, मग त्यात ताक जातं. इथं उकळी कुठंच नाही. कण्यांचंही तेच. ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, कण्या कच्च्या असतात. भिजल्या तरी त्या कच्च्याच, पोटाला जड जातात.
ताई, मला एकच सांगा. दूध पिशवीचं का सुट्टं? आणि तापवून घेता ना?

पहिलीशिफ्ट (९:१२)
सुट्टं. संध्याकाळी गवळी येतो, त्याचं अर्धा लिटर घेते. तापवणार कशावर? न शिजवता करायचं म्हणूनच तर ही रेसिपी निवडली.

परभणीची_लेक (९:४०)
आज रात्री भिजवू नका. कृपा करून नका. आधी हे पूर्ण वाचा.

‘न शिजवता’ हे फक्त ओट्सला लागू आहे. दुधाला नाही. व्हिडिओतली बाई पिशवीतून दूध ओतते तेव्हा ते डेअरीत पाश्चराईज झालेलं असतं, आणि भिजवलेली बरणी ती थेट फ्रिजमध्ये ठेवते. तापवलेलं दूध आणि फ्रिज या दोन्ही गोष्टी तिला इतक्या सवयीच्या आहेत की ती बोलतच नाही. तुमच्याकडं नेमक्या त्याच दोन नाहीत.

कच्च्या दुधातून टायफॉईडच्या कुळातले जंतू, ब्रुसेला, क्वचित टीबीसुद्धा येऊ शकतो. नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आम्हाला शिकवला होता. तुमचा डबा रात्री दहा ते पहाटे साडेपाच बाहेर असतो. अशा उबेत काही जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, त्यात तुम्ही गुळाचा खडा टाकून त्यांना खाऊ घालता. ओल्या फडक्यानं पाणी गार होतं, पण त्या गारव्यात दूध टिकत नाही.

कोणी म्हणेल दूध तापवून घ्या. तरी रात्रभर बाहेर चालणार नाही. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत, दूध कोमट झालं की पुन्हा वाढतात. धान्यातही ते असतात.

आज रात्री मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या. ताप आला, शौचातून रक्त पडलं किंवा उलट्या थांबेनात तर उद्या शिफ्ट सोडा आणि दवाखाना गाठा.

पहिलीशिफ्ट (९:५०)
वाचून अंगावर काटा आला. गवळ्याचं दूध एकदम ताजं असतं, म्हणून मला वाटलं पिशवीपेक्षा चांगलं. मुरडा आता कमी आहे, ताप नाही.
मग मी सकाळी खायचं काय? नुसते ओट्स पाण्यात भिजवून रात्रभर ठेवले तर?

गोदाकाठ (१०:०५)
तो शोधही तसाच आहे खरं तर. १९०० च्या आसपास झुरिकला बिर्चर-बेनर नावाचे डॉक्टर होते. ते आपल्या रुग्णांना ओट्स बारा तास पाण्यात भिजवून द्यायचे, आणि खाताना वरून लिंबाचा रस, घट्ट गोड दूध आणि किसलेलं सफरचंद. रात्रभर दुधात भिजवायची पद्धत नव्हतीच त्यांची.
पण ते झुरिक होतं. वाळूजच्या एप्रिलमध्ये मी पाण्यातलेही रात्रभर ठेवणार नाही.
तुमच्यासाठी उपाय साधा आहे: रात्री भिजवूच नका, कोरडं भरून ठेवा. डब्यात अर्धी वाटी ओट्स, तीन चमचे दूध पावडर, चमचाभर भाजलेल्या जवसाची भरड, खारकेची पूड. कोरडं असेल तर रात्रभर काही होत नाही. पहाटे उठल्या उठल्या पिण्याचं स्वच्छ पाणी पाऊण वाटी घाला, हलवा, झाकण लावा आणि आंघोळीला जा. वीस-पंचवीस मिनिटांत चपटे ओट्स खाण्याजोगे होतात. जरा चावावे लागतात, पण होतात. केळं सकाळीच कापा, रात्री नको. आमच्या अर्धापूरची मिळाली तर बघा.

परभणीची_लेक (१०:१२)
हेच सांगणार होते. पावडर नको असेल तर २०० मिलीचा टेट्रापॅक मिळतो, फोडला नाही तर फ्रिजशिवाय टिकतो. फोडला की तेव्हाच संपवायचा. जवस भाजूनच घ्या, आणि चिया घालायचे असतील तर पाणी वाढवा, ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितात.

मावशी_अंबाजोगाई (१०:३०)
लेकरा, सातूचं पीठ माहीत नाही का तुला? गहू आणि डाळं भाजून दळलेलं. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं, ना गॅस ना फ्रिज. आमच्या लहानपणी शेतात जाताना डब्यात हेच असायचं. बंद डब्यात महिनाभर टिकतं. पीठ भाजलेलं असतं म्हणून कच्चं लागत नाही. सुट्टीला गावी जाशील तेव्हा आईकडून दोन किलो करून आण. ओट्सही खा, मी नाही म्हणत नाही.

दगडीज्वारी (१०:३८)
सातू चांगला उपाय आहे मावशी, मान्य. कण्यांचं माझं चुकलं. पण धपाटे तरी ऐका. ज्वारीचे धपाटे दोन दिवस राहतात. दही नको, लसणाची चटणी न्या.

परभणीची_लेक (१०:४५)
धपाटे भाजायला तवा लागतो, दादा.

नवीन_सदस्य (११:०२)
माझ्या वडलांना शुगर आहे. ओट्सनं शुगर जाते का? किती दिवस खायचे?

परभणीची_लेक (११:१०)
जात नाही, आणि गोळी बंद करू नका. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा चिकट तंतू असतो. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, शुगरही जरा हळू चढते. ४० ग्रॅम ओट्समध्ये तो दीड-दोन ग्रॅम असतो. त्यात गूळ-खारीक ओतली तर फायदा कुठं राहिला? डॉक्टरांना विचारून नवीन धागा काढा, इथं ताईंचा प्रश्न राहून जाईल.

गल्लीतला_इलेक्ट्रिशियन (११:२०)
सेकंड हँड छोटा फ्रिज घ्यावा. पण आधी मीटर कोणाच्या नावावर ते बघा, घरमालक बिल अंगावर टाकतात. आणि स्टॅबिलायझर लागतोच, आमच्याकडं व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर जातो. वायरिंगला अर्थिंग आहे का तेही तपासा.

पहिलीशिफ्ट (सोमवार, दुपारी ४:१५)
शनिवारी सुट्टी घेऊन झोपले, पोट आता ठीक आहे. रविवारी दूध पावडर आणली, जवस रूममेटच्या आईनं भाजून दिले. आज पहाटे ४:५० ला पाणी घातलं. पाच मिनिटांनी बघितलं तर पावडरचे गोळे तळाला चिकटलेले, ओट्स वर तरंगत होते. चमच्यानं खरवडून पुन्हा हलवलं. सव्वापाचला दाटसर झालं होतं. वास दुधाचा आणि जवसाचा, आंबट अजिबात नाही. बसमध्ये बसून खाल्लं, शेजारच्या मुलीनंही दोन चमचे घेतले. साडेनऊपर्यंत भूक लागली नाही.
गोळे होऊ नयेत म्हणून काय करू? आणि मावशी, सातूत डाळं किती, गहू किती? आईला फोन करायचाय.

मावशी_अंबाजोगाई (४:५०)
दोन वाट्या गहू, एक वाटी डाळं. गहू आधी ओला करून, सावलीत वाळवून, मग खरपूस भाजायला सांग. वेलदोडा घालायचा. आईला माहीत असेल गं, तू नुसतं नाव काढ.

गोदाकाठ (५:०५)
पावडर आधी दोन चमचे पाण्यात कालवून पातळ करा, मग बाकीचं पाणी, शेवटी ओट्स.