मदत हवी आहे : कल्पित भाषेतील डोंगर-समुद्रावर आधारलेली गतिवाचक क्रियापदे

डोंगरवाट (धागाकर्ता) :
एका दीर्घकथेसाठी मी एक भाषा रचतो आहे. तिच्यात डावे-उजवे नाही, पूर्व-पश्चिम नाही आणि नुसते ‘जाणे’ही नाही. त्याऐवजी चार धातू आहेत : ‘तुर’ म्हणजे डोंगराकडे जाणे, ‘सोल’ म्हणजे समुद्राकडे जाणे, तर ‘नेम’ आणि ‘हाव’ म्हणजे चढ-उतार न करता एका किंवा दुसऱ्या अंगाला आडवे जाणे. नायिका डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी पोहोचते आणि तिथे ही सगळी व्यवस्था कोलमडते. कृपया नेमका उपाय सांगावा, कारण प्रकरण याच आठवड्यात संपवायचे आहे.

पाणलोट :
पलीकडे काय आहे, हे आपण सांगितलेले नाही. तिथेही समुद्र आहे, की पठार? शिवाय ‘येणे’ कसे म्हणतात?

डोंगरवाट :
बेट आहे आणि मधोमध एकच ज्वालामुखी आहे, हे उघडच होते. ‘येणे’ हा माझा प्रश्न नाही.

नारळीपौर्णिमा :
बेट असेल, तर बाली पाहा. तिथे ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे. दक्षिण बालीत काजा साधारण उत्तरेला येते, तर उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजाला तीच दक्षिणेला येते, आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. घराच्या आवारातले देवस्थानसुद्धा काजा आणि पूर्व यांच्या कोपऱ्यात असते. तेव्हा आपले ‘तुर’ आणि ‘सोल’ कोलमडलेले नाहीत. होकायंत्राच्या हिशेबाने ते फक्त उलटले आहेत.

खलाटीकर :
इतक्या दूर कशाला जायचे? कोकणात समुद्राकडची खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडची वलाटी असे दोन पट्टे आहेतच. माणूस घाटावर जातो आणि कोकणात उतरतो; एवढ्यावर आमचे सगळे व्यवहार चालतात.

पाणलोट :
यातली ‘खलाटी’ आणि ‘वलाटी’ ही नामे आहेत, आणि ‘घाटावर’ हे क्रियाविशेषण आहे. प्रश्न क्रियापदांचा आहे.

खलाटीकर :
मग ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ ही काय नामे आहेत?

पाणलोट :
क्रियापदेच आहेत, पण ‘चढणे’ म्हणायला पायाखाली खरोखर चढ लागतो. सपाट ओसरीवरून पूर्वेकडच्या खोलीत गेलेल्या माणसाला आपण ‘चढला’ म्हणत नाही, मग सह्याद्री त्या अंगाला का असेना. धागाकर्त्याने आधी हेच ठरवले पाहिजे : ‘तुर’ हा पायाखालचा चढ सांगतो, की दूरच्या डोंगराचा रोख? मेक्सिकोतील चियापास राज्यात, तेनेहापा भागातले त्सेल्ताल भाषक दुसरी वाट घेतात. तिथली जमीन एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरत जाते, म्हणून सपाट टेबलावर ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी दक्षिणेकडची बाटली ‘चढाच्या अंगाची’ ठरते. आडव्या दिशेला मात्र त्यांच्याकडे एकच शब्द आहे. पूर्व आणि पश्चिम असा भेद तो करत नाही.

अक्षरशिल्पी :
लिपी ठरली आहे का? नसल्यास चारही धातूंची चिन्हे उताराच्या रेषेवरून घडवावीत. मी एक नमुना तयार करून देऊ शकतो.

डोंगरवाट :
लिपी नको. ‘तुर’ म्हणजे रोखच. घरातही तोच चालतो. खरी अडचण ‘नेम’ आणि ‘हाव’ यांची आहे, कारण पलीकडच्या गावात नेमके कोणते अंग ‘नेम’चे, हेच मला सांगता येत नाही.

नारळीपौर्णिमा :
बालीप्रमाणे ही आडवी जोडी सूर्याला बांधावी, म्हणजे ‘नेम’ सगळीकडे पूर्वेकडेच राहील.

पाणलोट :
त्यांच्याकडे पूर्व-पश्चिम नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. प्रदक्षिणेची कल्पना घ्या : डोंगर उजव्या हाताला ठेवून चालणे म्हणजे ‘नेम’, आणि उलट चालणे म्हणजे ‘हाव’. दक्षिण किनाऱ्यावर ‘नेम’ पश्चिमेकडे जाईल आणि उत्तर किनाऱ्यावर पूर्वेकडे, परंतु किनाऱ्याने सबंध बेटाला वळसा घालणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत एकच क्रियापद पुरेल. नायिका कुठल्याही गावी गेली, तरी व्यवस्था तीच राहते.

खलाटीकर :
होनोलुलूत याहून सोपे केले आहे. तिथे रस्ता सांगताना डोंगराकडे ‘माउका’ आणि समुद्राकडे ‘माकाई’ म्हणतात, आणि आडव्या दोन अंगांना सरळ एवा आणि डायमंड हेड या ठिकाणांची नावे देतात. आपणही दोन गावांची नावे घ्यावीत.

पाणलोट :
एका शहरात ते ठीक आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, त्या दोन्ही ठिकाणांच्या पलीकडे गेल्यावर ती नावे काय कामाची?

डोंगरवाट :
प्रदक्षिणेचा मार्ग मला पटला आहे. आता एकच राहिले : ज्वालामुखीच्या माथ्यावर उभे असताना कोणती क्रियापदे वापरायची? तिथे नायिका सोबत्याला हाक मारून वर बोलावते.

पाणलोट :
माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला चारही बाजूंना फक्त ‘सोल’ उरतो, आणि ते तर्काला धरून आहे. सोबत्याला मात्र ‘तुर’ने बोलावले, तर त्यात ‘इकडे’ येत नाही; तो शेजारच्या सुळक्यावरही जाईल. म्हणूनच मी ‘येणे’ विचारले होते. पूर्व नेपाळमधल्या राई लोकांच्या अनेक भाषांत वर येणे, खाली येणे आणि समपातळीवरून येणे यांसाठी वेगवेगळे धातू आहेत. नवे धातू घडवायचे नसतील, तर बोलणाऱ्याकडे होणारी हालचाल दाखवणारा एकच प्रत्यय चारही धातूंना लावावा.

अक्षरशिल्पी :
त्या प्रत्ययासाठी लिपीत एक स्वतंत्र मात्रा ठेवता येईल.